थर्ड सीटची हलकी ओपनिंग: टू लेव्हलला चालते मग वन लेव्हलला का नाही?

चौकटसत्ती

नियमांची नीट माहिती असणाऱ्यांनी जरा समजावून सांगा, कारण ब्रिजच्या एकाच सेशनमध्ये दोन बोर्डांवर (वाटलेल्या डावांवर) टीडीने, म्हणजे टूर्नामेंट डायरेक्टरने, अगदी उलट रूलिंग दिली आणि त्यातली संगती मला अजून लागलेली नाही. साधी पेअर्स, म्हणजे जोड्यांची, स्पर्धा होती.

पहिला बोर्ड. आम्ही व्हल्नरेबल (म्हणजे बोनस आणि दंड दोन्ही जास्त), समोरचे नाहीत. डीलर पास, माझी पार्टनर पास, आणि थर्ड सीटवाल्याने २ इस्पिक ओपन केलं, म्हणजे पासशिवायची पहिली बोली लावली. त्याचा हात असा: इस्पिक राजा गुलाम दश्शी अठ्ठी पंजी, बदाम नव्वी चव्वी, चौकट अठ्ठी सत्ती तिर्री, किलवर छक्की पंजी दुर्री. म्हणजे सगळे मिळून ४ पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) आणि सूट, म्हणजे रंग, पाचच पानांचा. माझ्याकडे १७ होते, इस्पिक एक्का सत्ती, बदाम राजा राणी गुलाम छक्की, चौकट एक्का राणी पंजी, किलवर गुलाम नव्वी सत्ती चव्वी. मी २ नोट्रंप (हुकूम नसलेली बोली) म्हटलं, पार्टनरकडे ८ पॉइंट आणि ४-३-३-३, तिने सरळ ३ नोट्रंप केलं, इस्पिकची लीड (पहिलं पान) आली आणि आम्ही एक डाउन. तिचा चार पानांचा सूट बदामच होता, त्यामुळे ४ बदाम आरामात होत होतं. ६२० मिळायचे तिथे उणे १००. टीडीला बोलावलं तर तो म्हणाला नॅचरल (नाव घेतलेला सूटच दाखवणारी) बोली आहे, टू लेव्हलची आहे, कायदेशीर आहे, खेळा पुढे.

दुसरा बोर्ड, वेगळी जोडी. पुन्हा थर्ड सीट, या वेळी १ इस्पिक. हात: इस्पिक राजा राणी दश्शी नव्वी चव्वी, बदाम गुलाम सत्ती तिर्री, चौकट अठ्ठी पंजी, किलवर दश्शी छक्की दुर्री. ६ पॉइंट. यांच्या सिस्टिम कार्डवर (जोडीच्या बोलींचे अर्थ लिहिलेलं कार्ड) स्वच्छ लिहिलं होतं, थर्ड सीटला १ मेजर (इस्पिक किंवा बदाम) ५ पॉइंटपासून, लीडसाठी. आणि टीडीने इथे बोर्ड रद्द करून आम्हाला ६० आणि त्यांना ४० टक्के दिले!

४ पॉइंटवर दोनची बोली चालते आणि ६ पॉइंटवर एकची चालत नाही? शिवाय ज्यांनी सगळं लिहून ठेवलं होतं त्यांनाच दंड? आमचा फायदा झाला तरी मला ते पटलेलं नाही.

बदामदश्शी

दोन्ही बंद करायला पाहिजेत. ओपनिंग म्हणजे ओपनिंगचा हात, १२-१३ पॉइंट. हे ४ पॉइंटवर उड्या मारणं म्हणजे समोरच्याला खेळूच द्यायचं नाही. शिकलेले लोक मनापासून सिस्टिम बसवतात, स्टेमन, ट्रान्सफर अशा ठरलेल्या बोली सगळ्या नीट करतात आणि मग कोणीतरी शून्य हातावर अख्खी बोली उधळून लावतो. खेळ बोलीचा आहे ना?

जुना_टीडी

बदामदश्शी, समोरच्याला जागा न देणं हा पण बोलीच्याच खेळाचा भाग आहे हो, वीक टू (कमजोर हात आणि एक लांब सूट दाखवणारी दोनची ओपनिंग) आज जगभर खेळतात ते त्यासाठीच. हॉवर्ड शेंकेनसारख्या अमेरिकन खेळाडूंनी ती बोली रूढ केली तेव्हाही लोक असेच चिडले असणार. त्यामुळे बंद करा म्हणून सुटणारा प्रश्न नाही हा.

आता चौकटसत्तीचा प्रश्न. यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकांत अडकल्यात त्या आधी सोडवू. एक, अमुक समजूत जोडीने ठेवायला परवानगी आहे का. दोन, ठेवलेली समजूत समोरच्याला पूर्ण सांगितली का. नियम हातावर नसतात, समजुतीवर असतात, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ जातो. तुमच्या हातात ४ पॉइंट होते की १४ हे टीडी बघतो ते फक्त तुमची समजूत काय असावी याचा पुरावा म्हणून.

दुसऱ्या बोर्डात ती जोडी पहिल्या प्रश्नावरच अडकली. ४० पॉइंट चौघांत, म्हणजे सरासरी हात १० चा. त्यातून एक राजा वजा केला की ७. वर्ल्ड ब्रिज फेडरेशनच्या सिस्टिम पॉलिसीत असं आहे की वन लेव्हलची ओपनिंग जर समजुतीने सरासरीपेक्षा एक राजा किंवा जास्त कमी अशा हातावर होऊ शकत असेल, म्हणजे ७ किंवा त्याहून कमी, तर ती सिस्टिम अतिअसाधारण पद्धतींमध्ये जाते, ज्यांना पिवळा स्टिकर लागतो. आणि साध्या पेअर्समध्ये पिवळ्या स्टिकरला जागा नाही. अमेरिकेत २०१८ पासून परवानगीच्या पद्धतींचे जे नवे चार्ट आले त्यातही जवळपास हीच रेघ आहे, ८ पॉइंट किंवा रूल ऑफ १७. तेव्हा कार्डवर ५ पॉइंटपासून असं लिहिलं म्हणजे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं की आमची समजूत मनाई असलेली आहे. प्रामाणिकपणा होता हे मान्य, पण लिहिल्याने मनाई उठत नाही.

टू लेव्हलला ही राजावाली रेघ नाही. का नाही, ते जुन्या कायद्यात आहे. १९८७ आणि १९९७ च्या कायद्यात कलम ४० मध्ये स्पर्धा घेणाऱ्या संस्थांना कन्व्हेन्शनवर (सांकेतिक अर्थाच्या बोलींवर) नियम करायचा अधिकार होता, पण नॅचरल बोलीवर नव्हता. अपवाद एकच, तो झोनल संघटनांना, आणि तोही जोडीच्या वन लेव्हलच्या पहिल्या बोलीपुरता, जर ती सरासरीपेक्षा राजाने किंवा जास्त कमी हातावर होत असेल तर. झालं, तिथून ही रेघ सगळीकडे पसरली. नॅचरल वीक टू कितीही फाटका असला तरी त्याला थेट हात लावता येत नव्हता. मग संघटनांनी वाट काढली, की खेळा तुमचा फाटका वीक टू, पण त्यानंतर एकही कन्व्हेन्शन वापरायचं नाही. ब्रिज कायद्याचे जाणकार ग्रॅटन एंडिकॉट यांच्या नावाने ही पळवाट ओळखली जाते. अमेरिकेच्या जुन्या चार्टमध्ये ती सरळ आकड्यांत होती: वीक टूची रेंज ७ पॉइंटपेक्षा रुंद असेल किंवा पाच पानांची खात्री नसेल तर पुढे कन्व्हेन्शन बंद. म्हणजे २ नोट्रंपने विचारणं पण बंद. बोली राहिली, पण तिच्यामागची मशिनरी काढून घेतली.

२००७ च्या कायद्याने हे सगळं मोकळं केलं. आता बऱ्याच खेळाडूंना सहज समजणार नाही किंवा अपेक्षित नसेल अशी कुठलीही समजूत विशेष म्हणून ठरवता येते आणि तिला परवानगी द्यायची, नाकारायची की अटी घालायच्या हा पूर्ण अधिकार नियामक संस्थेचा. २०१७ च्या कायद्यातही तेच चालू आहे. म्हणजे उद्या एखाद्या संघटनेने वीक टूला किमान ५ पॉइंट असं ठरवलं तर तिला कोणी अडवू शकत नाही. तरी बहुतेकांनी तसं केलेलं नाही आणि माझ्या मते बरोबरच केलं.

चौकटसत्ती

काका, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. पण वन लेव्हललाच रेघ का याचं खेळातलं कारण काय? कायद्यात होतं म्हणून आहे, एवढंच का?

चौथीसीट

मी सांगतो मला पटलेलं कारण. वन लेव्हलची ओपनिंग हा पाया असतो, आमचा आणि समोरच्याचाही. तुम्ही १ इस्पिक ऐकलं की तुमचा ओव्हरकॉल (विरोधकाच्या ओपनिंगवरची बोली), टेकआउट डबल (पार्टनरला त्याचा सूट सांगायला लावणारा), १ नोट्रंपची रेंज, सगळं एका गृहीतावर उभं असतं की ओपनरकडे साधारण ओपनिंगचा हात आहे. ते गृहीत गेलं की डबलनंतर पास कधी करायचा, गेमला (बोनसच्या बोलीला) कधी जायचं, सगळंच परत शिकायला लागतं. वीक टूचं तसं नाही, २ इस्पिक म्हणजे कमजोर आणि इस्पिक हे सगळ्यांना आधीच माहीत, ४ ऐवजी ८ असले तरी तुमचा डिफेन्स तोच. डबल टेकआउट, २ नोट्रंप १५ ते १८ स्टॉपरसकट (त्यांचा सूट अडवणाऱ्या पानासकट), सूट म्हटला तर नॅचरल. तुमच्या बोर्डावर तुम्ही जे केलंत ते ओपनर ८ चा असता तरी तसंच केलं असतं ना?

म्हणूनच टू लेव्हलला नियम पॉइंटवर नाही तर सूटवर आहेत. फेडरेशनच्या पॉलिसीत ब्राउन स्टिकर म्हणून जो प्रकार आहे तो हाच: २ किलवर ते ३ इस्पिक यातली ओपनिंग जर कमजोर असू शकत असेल आणि एका ठराविक माहीत असलेल्या सूटची किमान चार पानं दाखवत नसेल, तर ती ब्राउन स्टिकर. दोन्ही मेजर किमान चार-चार आणि कमजोर, चालतं, कारण सूट माहीत आहे. विलकोश २ चौकट, म्हणजे ५-५ आणि त्यातला किमान एक मेजर पण कुठला ते सांगणार नाही, नाही चालत साध्या स्पर्धेत. फरक कळला का, त्यात ओपनर कमजोर आहे यापेक्षा त्याच्याकडे नक्की काय आहे हे कळत नाही ही अडचण जास्त आहे. क्यूबिड (विरोधकाच्याच सूटची बोली) कशाचा करणार? टेकआउट डबल कुठल्या सूटबाहेर काढायला?

बदामदश्शी

मग मल्टी २ चौकट कसं काय चालतं? त्यात पण बदाम की इस्पिक ते सांगत नाहीत. नियम सारखा तर सगळ्यांना सारखा पाहिजे.

चौथीसीट

बरोबर बोट ठेवलंत, मल्टी हा त्याच नियमाला दिलेला उघड अपवाद आहे. मायनरमधली (किलवर किंवा चौकट) टू लेव्हलची ओपनिंग जी कुठल्यातरी एका मेजरमधला वीक टू दाखवते, सोबत मजबूत हात असोत नसोत, ती ब्राउन स्टिकर धरत नाहीत. ब्रिटिश खेळाडू टेरेन्स रीस आणि जेरेमी फ्लिंट यांनी १९६० च्या दशकात मल्टी आणली आणि ती इतकी पसरली, खास करून युरोपात, की नियम लिहायची वेळ आली तेव्हा अर्ध्या जगाची बोली बंद करणं शक्यच नव्हतं. अमेरिकेत मात्र अनेक वर्षं ती फक्त वरच्या पातळीच्या स्पर्धांपुरतीच राहिली, तीही डिफेन्स लिहून टेबलावर ठेवायच्या अटीने.

मला स्वतःला हा अपवाद तत्त्व म्हणून पटत नाही. सवयीची झाली म्हणून एक बोली आत आणि विलकोश बाहेर. पण व्यवहारात फरक आहे तो असा की मल्टीविरुद्ध काय खेळायचं हे आता बऱ्याच जोड्यांचं ठरलेलं असतं, विलकोशविरुद्ध फार कमी जणांचं. नियमाचा हेतूच जर लोकांना टेबलावर बसून पहिल्यांदा विचार करायला लागू नये असा असेल तर मल्टी त्यातून पास होते.

फोर्सिंगपास

हा जो पहिल्यांदा विचार करायला लागू नये हा हेतू म्हणताय ना, त्यानेच बोलीतलं सगळ्यात सुंदर संशोधन मारलं. पोलंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये लोकांनी फोर्सिंग पासच्या सिस्टिम बांधल्या होत्या, पास म्हणजे ओपनिंगचा हात, आणि कमजोर हाताला ठरलेली एक बोली, तिला फर्ट म्हणायचे, ०-७. गणिताने बघा, सगळ्यात जास्त वेळा येणाऱ्या हातांना कमी जागा आणि चांगल्या हाताला सगळ्यात जास्त जागा, हे किती तर्कशुद्ध आहे. त्या सिस्टिमनी तेव्हा प्रस्थापित खेळाडूंना खरोखर त्रास दिला आणि मग एकेक करत रेघा आल्या: पास मजबूत असेल तर पिवळा, वन लेव्हलची ओपनिंग पासपेक्षा कमजोर असू शकत असेल तर पिवळा, एखाद्या सूटची लांबी किंवा तुटवडा यातलं कुठलंही असू शकत असेल तर पिवळा. परिणाम काय, की आज नवीन माणसाला फोर्सिंग पास शिकायचा असेल तर खेळायला टेबलच नाही.

कमजोर ओपनिंगला नियम लावताना संरक्षण कोणाचं होतं हे पण विचारा. तयारी न करणाऱ्याचं. तयारी करणाऱ्याला शिक्षा.

जुना_टीडी

तुमची तळमळ समजते आणि त्या सिस्टिम खरंच अभ्यासून बांधलेल्या होत्या, हे मी कुठेही म्हणेन. पण टेबलं नाहीत हे पूर्ण खरं नाही. बर्म्युडा बोलसारख्या सगळ्यात वरच्या स्पर्धांमध्ये, जिथे एकाच टीमशी लांब मॅच असते, तिथे पिवळ्या पद्धतींना जागा ठेवलेली आहे, सिस्टिम आधी जमा करायची आणि समोरच्याला डिफेन्स बसवायला वेळ मिळतो. ब्राउन स्टिकरविरुद्धचा लिहिलेला डिफेन्स तर टेबलावर बघायची पण मुभा असते. प्रश्न पेअर्सचा आहे. एका जोडीशी दोन-तीन बोर्ड, मग पुढचं टेबल. ०-७ च्या फर्टला डबल म्हणजे काय, पास म्हणजे काय, फोर्सिंग कुठपर्यंत, हे दोन बोर्डांसाठी ठरवायला वेळ कुठून आणायचा? नियम स्पर्धेच्या लांबीला बांधलेला आहे, हुशारीला नाही. हा भाग मला पूर्ण न्याय्य वाटतो.

नवी_डमी

मी वर्षभरापूर्वीच स्पर्धा खेळायला लागले त्यामुळे प्रश्न साधा वाटला तर माफ करा. रूल ऑफ १७ म्हणजे काय नक्की? आणि फोर्थ सीटला पण वीक टू करतात का, माझी पार्टनर म्हणते कर पण मला कळत नाही की तिघं पास झाल्यावर कमजोर हातावर बोली सुरूच कशाला करायची.

चौथीसीट

तुमचा संशय बरोबर आहे ताई. तिघं पास असताना कोणाला अडवायचंय? बोर्ड पास करून टाकला की झालं. म्हणून फोर्थ सीटचा २ इस्पिक म्हणजे सहा पानं आणि १०-१३ सारखा बरा हात, स्कोअर प्लसमध्ये येईल अशा हिशोबाने. कार्डवर तो वेगळा लिहा, वीक टूच्या रकान्यात दडवू नका.

रूल ऑफ १७ चं गणित अमेरिकन खेळाडू मार्टी बर्गेनच्या रूल ऑफ २० सारखंच. पॉइंट अधिक सगळ्यात लांब दोन सूटमधली पानं. ६-५ चा हात आणि ६ पॉइंट, ६ अधिक ११, १७, म्हणजे अमेरिकेच्या चार्टप्रमाणे १ इस्पिक ओपन करायला हरकत नाही. वरच्या धाग्यातला ६ पॉइंटचा हात ५-३-३-२ होता, ६ अधिक ८ म्हणजे १४. कुठल्याच मापात बसत नाही. फेडरेशनच्या व्याख्येत आकाराची अशी बेरीज नाही, ती सरासरी हाताशीच तुलना करते, त्यामुळे तुम्ही खेळता त्या स्पर्धेची पत्रिका एकदा वाचा.

चौकटसत्ती

एक गोष्ट लिहायची राहिली होती आणि काकांचं पहिलं उत्तर वाचल्यावर ती महत्त्वाची वाटायला लागली. पहिल्या बोर्डावर त्यांच्या कार्डवर वीक टू ६-१०, सहा पानं असंच छापलं होतं. बोर्ड संपल्यावर मी विचारलं तेव्हा ओपनरचा पार्टनर सहज म्हणाला, थर्ड सीटला आमचं काहीही असतं हो. टीडीसमोर हे आलंच नाही, त्याने नॅचरल आहे एवढं ऐकून विषय संपवला.

जुना_टीडी

मग त्या टीडीने पहिल्याच प्रश्नाचं उत्तर दिलं आणि दुसरा विचारलाच नाही. आणि खरी केस दुसऱ्यातच होती!

कलम ४० खेळाडूला आपल्या समजुतीपासून हटायची मुभा देतं, अगदी सायकिक (मुद्दाम फसव्या) बोलीपर्यंत, पण एकाच अटीवर, की पार्टनरला त्याची शक्यता समोरच्यांपेक्षा जास्त माहीत नसावी. तेच तेच हटणं वारंवार झालं की ती न बोललेली समजूत होते, आणि ती समजूत सिस्टिमचा भाग म्हणून सांगावीच लागते. आमचं काहीही असतं असं पार्टनर म्हणतो तेव्हा ते हटणं राहिलेलं नाही, ती त्यांची सिस्टिम आहे आणि छापलेलं ६-१० ही चुकीची माहिती आहे. समजूत कायदेशीर, पण लपवलेली.

आता स्कोअर बदलेल का, हे वेगळं. नुकसान चुकीच्या माहितीमुळे झालं पाहिजे, बोलीमुळे नाही. टीडीने तुम्हाला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं, कार्डवर ३-१० आणि पाच पानं असं लिहिलेलं असतं तर १७ वर तुम्ही काय केलं असतं? समोर पाचच पानं असू शकतात म्हटल्यावर इस्पिकचा एकच एक्का घेऊन २ नोट्रंप म्हणण्यापेक्षा डबल करून चार पानांचे बदाम शोधणारे खेळाडू आहेत की नाहीत? तुमच्या पातळीच्या चार-पाच जणांना हात दाखवून विचारायचं, आणि काही जण डबलकडे वळत असतील तर त्या प्रमाणात ६२० चा हिस्सा द्यायचा. सगळेच २ नोट्रंप म्हणत असतील तर स्कोअर तसाच राहील, पण त्या जोडीला कार्ड दुरुस्त करायला लावायचं आणि नोंद ठेवायची.

बदामदश्शी

आणि त्याच्या पार्टनरचं काय? त्याला माहीत होतं म्हणूनच तो गप्प बसला असणार, नाहीतर स्वतःकडे ११ आणि इस्पिकचा फिट (जुळणारी पानं) असताना ३ इस्पिक केलं नसतं?

जुना_टीडी

११ होते हे बरोबर, ४० मधून ४, १७ आणि ८ गेले की तेवढेच उरतात. पण इथे सावध राहा, कारण आरोप गंभीर आहे. त्याच्या जागी बसून बघा. पार्टनरने ६-१० दाखवले, समोर २ नोट्रंप आलं, म्हणजे १५ ते १८. स्वतःचे ११ धरून उरलेल्या दोघांकडे ११ ते १४. तो पास झाला, हे कोणीही करेल, ११ पॉइंट हातात असताना व्हल्नरेबल विरोधकांना २ नोट्रंपमध्ये सोडणं चांगलंच आहे. मग ३ नोट्रंप आलं, म्हणजे डमीकडे (२ नोट्रंपवाल्याच्या पार्टनरकडे) ८-९ तरी आले. १६ आणि ८ आणि ११, ३५ झाले. पार्टनरकडे ५ सुद्धा नीट उरत नाहीत हे त्याला समोरच्यांच्याच बोलीतून कळलं, समजुतीतून नाही. त्यानंतर त्याने डबल नाही केलं हे पण स्वाभाविक. बेरीज कोणालाही करता येते.

खरा पुरावा कसा दिसतो सांगतो. समजा ओव्हरकॉल आलाच नाही, फोर्थ सीट पास, आणि पास झालेल्या पार्टनरकडे इस्पिकची चार पानं, एखादा सिंगलटन (एकच पान असलेला सूट), सगळं ४ इस्पिककडे ढकलणारं, आणि हा २ इस्पिकवर पास करून बसला. किंवा समोरच्यांनी गेमला जाऊन स्वतःच डगमगत बोली केली आणि याने कार्डप्रमाणे उघड दिसणारा डबल गिळला. इंग्लंडमध्ये अशा केसेसना लाल, अंबर, हिरवा अशी वर्गवारी देतात, पार्टनरच्या कृतीतून समजूत सिद्ध होते, संशय येतो की काहीच दिसत नाही यावरून. आणि अंबर म्हणजे एकट्याने काही सिद्ध नाही, पण तीच जोडी परत दिसली तर दोन्ही एकत्र बघतात. म्हणून नोंद हवी. तुमच्या बोर्डावर पार्टनरची बोली मला हिरवी वाटते. त्याचं नंतरचं वाक्य मात्र नाही.

किलवर_एक्का

सगळे पॉइंट आणि सूटवर बोलताय, वेळेबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून लिहितो, कारण टेबलावर जास्त वाद त्यातूनच होतात. हलक्या ओपनिंगने पुढच्या माणसाला विचार करायला लागतो. त्याने वीस सेकंद घेऊन पास केलं की त्याच्या पार्टनरला कळलं, काहीतरी आहे. आता पार्टनरने बॅलन्सिंगमध्ये (पुढचे सगळे पास झाल्यावर बोली संपू न देता) डबल केलं की ओपनरच टीडीला हाक मारतो, यांनी हेझिटेट केलं! म्हणजे गोंधळ त्याने घालायचा आणि अडचणीत आलेल्या जोडीने वर नैतिक परीक्षा द्यायची. कायद्याने तो बरोबर असतो, पार्टनरच्या विलंबातून मिळालेली माहिती वापरता येत नाहीच, पण म्हणूनच उडी मारून केलेल्या बोलीनंतर पुढच्याने साधारण दहा सेकंद थांबायचं, हात दोन पॉइंटचा असो की पंधराचा, ही शिस्त इतकी महत्त्वाची आहे. थांबणं म्हणजे हातातली पानं लावत, बोलीकडे बघत थांबणं, छताकडे बघत दहा मोजणं नाही. बहुतेक लोक कमजोर हातावर दोन सेकंदात पास टाकतात आणि मग चांगल्या हातावर थांबले की सगळं उघडं पडतं. वीक टूचे नियम कितीही बदला, ही सवय लागली नाही तर हलक्या ओपनिंगचा अर्धा फायदा आपणच त्यांना हातात देतो.

ऑनलाइन खेळताना एक बरं असतं, स्वतःच्या बोलीचा ॲलर्ट (अर्थाची सूचना) स्वतः द्यायचा आणि तो फक्त विरोधकांना दिसतो, त्यामुळे थर्ड सीटला पाच पानं चालतात हे लिहून टाकायला काहीच अडचण नाही. पार्टनरला जागं करतोय का हा प्रश्नच येत नाही.

फोर्सिंगपास

वेळेचं अगदी पटलं. आणि जुन्या टीडी काकांचं ते हातावर नियम नसतो, समजुतीवर असतो हे पण. माझा आग्रह इतकाच की लपवणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला एका तराजूत तोलू नका. दुसऱ्या बोर्डावरच्या जोडीला ६०-४० देण्याआधी सेशनच्या सुरुवातीलाच कोणीतरी कार्ड तपासून सांगायला हवं होतं की १ मेजर ५ पासून चालणार नाही, ८ करा. तेवढ्यावर भागलं असतं.

जुना_टीडी

याला माझा पूर्ण पाठिंबा. कार्ड आधी बघणं हे टीडीचं काम आहेच, आणि नुसती ताकीद देऊन पुढचा बोर्ड खेळवणं हे पण अनेक ठिकाणी करतात.

नवी_डमी

मग आम्ही थर्ड सीटला हलके वीक टू खेळणार असू तर कार्डवर नक्की काय लिहायचं? आत्ता फक्त वीक टू एवढंच आहे.

जुना_टीडी

ताई, पार्टनरशी बसून आधी खरं काय करता ते ठरवा, आदर्श काय ते नाही. मग फर्स्ट आणि सेकंड सीट: सहा पानं, ६-१०, सूट बरा. थर्ड सीट नॉन व्हल्नरेबल: पाच पानं चालतात, ३-१०, सूट लीड करण्यासारखा. थर्ड सीट व्हल्नरेबल वेगळं असेल तर तेही. फोर्थ सीट १०-१३. बाहेर चार पानांचा दुसरा मेजर ठेवून करता का, तेही लिहा, समोरच्याला त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. तुमच्या स्पर्धेत रेंज किंवा पानांच्या संख्येवर पुढच्या कन्व्हेन्शनची अट आहे का ते पत्रिकेत बघा, आणि असेल तर २ नोट्रंपने विचारणं थर्ड सीटला सोडून द्या, तसंही पास झालेल्या हाताला ३-१० च्या ओपनरला विचारून फारसं काही मिळत नाही. आणि कोणी विचारलं की साधारण, नॉर्मल, स्टँडर्ड असे शब्द वापरू नका, आकडे सांगा.